रंगरावांचा बसलेला आवाज

करवंदखेडचे रंगराव एकदा ग्रामपंचायतीला पडले, एकदा सोसायटीला पडले आणि एकदा पंचायत समितीला पडले. का पडले ते चिखली तालुक्यातल्या त्या अर्ध्या पट्ट्याला ठाऊक होतं, एकट्या रंगरावांना नव्हतं. रंगराव फार बोलत. माणूस नेक, कोणाच्या रुपयाला कधी हात लावला नाही. पण माइक हाती आला की सोडवत नसे. एका लग्नात ते आशीर्वाद द्यायला उभे राहिले आणि सिंचनाच्या अनुशेषावर घसरले, तोवर मुहूर्त टळून गेला. एका शोकसभेत तर गेलेल्या माणसाच्या सख्ख्या भावानंच उठून हात जोडले, "पुरे करा आता, भाऊ. त्यालेबी त्रास होत असन."

प्रत्येक पराभवानंतर रंगराव एकच निदान करत, "आपला मुद्दा लोकाईपर्यंत पोचला नाही." आणि पुढच्या खेपेला भाषण आणखी लांबवत.

मधे पंचायत समितीच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. बाकीचे इच्छुक कंटाळून धंद्यापाण्याला लागले. रंगराव मात्र भाषणाची तयारी करत राहिले. अखेर निवडणूक लागली तेव्हा पक्षाचे तालुकाध्यक्ष देवानंद यांनी तिकीट दिलं हर्षलला. हर्षलचं कर्तृत्व म्हणजे त्याच्या वडिलांची दोन खडीयंत्रं.

"भाऊ, तुम्ही पक्षाचे आधारस्तंभ आहात," देवानंद म्हणाले. "आता खांबालेच उमेदवारी देली तर छत कशावर उभं राहीन, सांगा बरं?"

रंगरावांनी घरी येऊन अपक्ष अर्जाची घोषणा केली. बायको अन्नपूर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "उभे राहा. पण भाषण नोका करजा." हा सल्ला रंगरावांनी बाईमाणसाचं अज्ञान म्हणून सोडून दिला आणि प्रचाराच्या पहिल्याच दिवशी पाच ठिकाणी सभा घेतल्या. पाचव्या सभेत 'बंधू आणि भगिनींनो' म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगरावांना वाटलं, लोक भारावले.

सून अनुपमा त्यांना चिखलीला डॉक्टर सुचिता यांच्याकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "स्वरयंत्राला सूज आहे. पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

रंगरावांनी खुणेनं विचारलं, निवडणूक होईपर्यंत तरी बोलू द्या?

"मतदान झालं की दाखवायला या," डॉक्टर म्हणाल्या.

घरी आल्यावर रंगराव भिंतीकडे तोंड करून झोपले. ते कधी एवढे शांत नव्हते, म्हणून शेजारचे चौकशीला येऊन गेले. दुसऱ्या दिवशी अनुपमानं त्यांना उठवलं. "अर्ज भरला आहे, मामाजी. घरोघर तर जाऊ. तुम्ही नुसते हात जोडा, बाकीचं मी सांगते."

मग निघाली ही जोडी. रंगराव गळ्याला मफलर गुंडाळून पुढे, अनुपमा पत्रकं घेऊन मागे. पहिलंच घर शालूबाईचं. शालूबाईला मुलाबद्दल, सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल आणि बंद पडलेल्या पगाराबद्दल बोलायचं होतं; पगार म्हणजे निराधार योजनेचा. आजवर आलेल्या प्रत्येक उमेदवारानं तिला दुसऱ्या वाक्याला तोडलं होतं. रंगरावांना तोडताच येईना. ते बसून राहिले, ऐकत राहिले. घसा असा काही ठणकत होता की आवंढा गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शालूबाईचं दुःख ऐकून रंगराव ढसाढसा रडले.

नाल्यापलीकडच्या बोरजवळ्याचे लोक पारावर जमले होते. त्यांचा प्रश्न जुना होता. भागात गुरांचा दवाखाना मंजूर व्हायचा होता आणि तो बोरजवळ्याला पाहिजे होता. "भाऊ, आमच्याच गावाले देसान ना?" रंगरावांनी नेमका तेव्हाच आवंढा गिळला, मान खाली जाऊन वर आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी करवंदखेडच्या लोकांनी तोच प्रश्न विचारला. रंगरावांचा घसा दुसऱ्या दिवशीही दुखतच होता.

अनुपमा घाबरली. "मामाजी, दोन्हीकडे हो झालं ना." रंगरावांनी कपाळाला हात लावला. तिथून जाणाऱ्यांनी तो नमस्कार समजून उलटा नमस्कार केला.

हर्षलनं सभेत थट्टा केली, "मुका उमेदवार तुमचे प्रश्न कसे मांडीन?" ही एक चूक त्याला भोवली. लोक म्हणाले, आजवरचे सारे बोलके होते, त्याईनं कोणते मांडले? निकाल लागला तेव्हा हर्षलची अनामत वाचली एवढंच. गुलालानं माखलेल्या रंगरावांना गर्दीनं टेबलावर चढवलं. समोर एवढे लोक, हातात माइक, आणि बोलायची बंदी. त्या दिवशी जिंकलेला माणूस एवढ्या दुःखी चेहऱ्याचा का दिसतो, ते फक्त अन्नपूर्णाबाईंना कळलं.

आठवड्यानं डॉक्टर सुचितांनी तपासून सांगितलं, "सूज उतरली. बोला आता."

"बंधू आणि भगिनींनो," रंगराव म्हणाले. स्वच्छ, खणखणीत. बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या.

घरी पोचले तर ओट्यावर देवानंद हार घेऊन बसलेले. आवाज आल्याचं कळताच त्यांनी हार बाजूला ठेवला आणि रंगरावांना आत नेऊन दार लोटून घेतलं.

"भाऊ, कोणाले सांगू नोका."

"काऊन?"

"समितीत आपला गट अन् त्याईचा गट बरोबरीत आहे. मधात तुम्ही. तुम्ही तोंड उघडलं की एक गट तुटला. नाही उघडलं, तं दोघाईलेबी तुम्ही आपलेच. सभापती व्हाचं का भाषण कराचं, ते ठरवा."

रंगराव रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी त्यांनी मफलर पुन्हा गुंडाळला.

आणि झालेही सभापती. दोन्ही गटांचे सदस्य भेटून गेले, दोघांनाही त्यांनी हसून चहा पाजला, आणि बिनविरोध निवड झाली. त्यानंतर ते खुर्चीत बसत आणि ऐकत. ठेकेदार बोलत, ते ऐकत. ठेकेदाराची तक्रार करणारे बोलत, तेही ऐकत. वर्तमानपत्रात 'संयमी नेतृत्व' म्हणून फोटो आला. कार्यालयात अफवा अशी की साहेबांना सगळं कळतं, म्हणून ते बोलत नाहीत. बोलण्याची हौस ते घरी न्हाणीघरात नळ सोडून भागवत. अन्नपूर्णाबाई बाहेरून ओरडत, "टाकी रिकामी होऊन राह्यली! विरोधकाईले उत्तर बादलीभर पाण्यात द्या!"

गंमत अशी की हे सुख रंगरावांना हळूहळू आवडायला लागलं. बोललं की माणूस अडकतो. न बोलणाऱ्याला कोणी धरू शकत नाही. दवाखाना मंजूर होऊन आला. जागेचा ठराव तेवढा बाकी होता. रंगराव तो कागद दर बैठकीत समोर घेत, गंभीर होत आणि पुढच्या बैठकीवर ढकलत. उन्हाळा गेला, पोळा गेला, जनावरांत घटसर्पाची साथ येऊन गेली.

मग तालुक्याची आमसभा आली. आमदारसाहेब लग्नं आटोपून येणार होते, तोवर सभा सभापतींनी चालवायची होती. दवाखान्याचा विषय निघाला तशी एकीकडून बोरजवळा उठलं, दुसरीकडून करवंदखेड. दोन्ही गावं एकच सांगत होती, भाऊनं आम्हाले शब्द देला आहे. भाऊ मफलर सावरून दोघांकडेही बघून हसले.

तेव्हा मागच्या रांगेतून जनकाबाई पुढे आली. बोरजवळ्याच्या बौद्धवाड्यातली, दोन म्हशींवर घर चालवणारी विधवा बाई. तिनं माइक घेतला नाही.

"भाऊ, साथीत माही एक म्हैस गेली. चिखलीहून डॉक्टर येईपर्यंत गेली. दवाखाना आमच्या गावाले झाला असता तरी ते वाचली असती, तुमच्या गावाले झाला असता तरी वाचली असती. तुम्ही कुठंच नाही केला." ती आणखी एक पाऊल पुढे आली. "मी मत तुमाले देलं. तुम्ही हो म्हणत होते का नाही म्हणत होते, तेवढं मले आज सांगा."

देवानंदांनी शेजारून रंगरावांचा गुडघा दाबला. रंगरावांनी सवयीनं मान हलवायला घेतली, पण जनकाबाई त्यांच्या मानेकडे नाही, तोंडाकडे बघत होती. आता एका म्हशीचं किती दूध ती डेअरीवर घालत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्यांना बसवेना. ते उठले.

"बाई," ते म्हणाले, आणि सभा दचकली. "मी हो बी नाही म्हटलं अन् नाही बी नाही म्हटलं. माहा घसा दुखत होता. मंग दुखणं थांबलं, तरी मी दुखून राह्यला असंच दाखवलं. दवाखाना बोरजवळ्याले होईन. तिथं जनावरं जास्त हायेत अन् पावसाळ्यात रस्ता चालू राह्यते. ठराव लिहून घ्या."

आणि रंगराव खाली बसले. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण त्यांनी केलं होतं.

मग जो गोंधळ उडाला, त्यात आमदारसाहेब दारातूनच परत फिरले. करवंदखेडच्या लोकांनी आपल्याच माणसाच्या नावानं घोषणा दिल्या. बोरजवळ्याचे लोकही खूश नव्हते. ते म्हणत होते, म्हणजे तेव्हा पारावर आम्हाले हो नव्हतंच म्हटलं! दोन्ही गटांचं कधी नव्हे ते एकमत झालं, की असा बोलणारा सभापती नको. अविश्वास ठराव देवानंदांनीच तयार करून दिला, सह्या दोन्ही गटांनी केल्या. रंगराव पडले. या खेपेला मात्र का पडलो, हे त्यांना नीट माहीत होतं.

दवाखान्याची इमारत पुढच्या वर्षी बोरजवळ्यात उभी राहिली. नव्या सभापतींनी फीत कापली, हर्षलच्या वडिलांच्या खडीचे कोनशिलेवर आभार मानले गेले. रंगरावांना पत्रिका नव्हती. ते महिन्याभरानं गाय घेऊन गेले, तर दाराला कुलूप. डॉक्टरचं पद अजून भरलं नव्हतं. पायरीवर जनकाबाई आपल्या उरलेल्या म्हशीचा कासरा धरून बसलेली.

"बाई, किती दिवसाचं असं हाय?"

"उद्घाटनापासून," ती म्हणाली. "तुम्ही आता कोण आहात, भाऊ? म्हणजे पदावर?"

"कोणीच नाही."

"मंग बरं झालं. उद्या बुलडाण्याले चाला आमच्यासंगं. आम्ही बाया जाऊन राह्यलो पशुसंवर्धनच्या साहेबाकडे. साहेब दोन मिनिटं देते म्हणते." तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही घुसले की दोन मिनिटात बाहेर येणार नाहीत, एवढी खात्री आहे आमाले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बायकांच्या मधोमध रंगराव बसले. मफलर घरीच राहिला होता. साहेबांच्या केबिनमध्ये ते आत गेले तेव्हा शिपायानं चहा आणला, आणि बाहेर आले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. साहेबांनी डोकं धरून फोनवर कोणाला तरी सांगितलं की काहीही करा, पण त्या गावाला डॉक्टर पाठवा.

डॉक्टर आता मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. बाकीच्या दिवशी कुलूपच असतं. जनकाबाई म्हणते, बाकीच्या दिवसांसाठी आणखी एकदा बुलडाण्याला जावं लागेल.