दोनदा मागे घेतलेला टाका

"टाळ्या वाजवा की, हात दुखतात का कुणाचे?" तरुण मालक म्हणाला, तेव्हा कुठे मशिनींमागून कशाबशा टाळ्या आल्या. फळ्यावर खडूने प्रत्येकीचा आठवड्याचा आकडा लिहिला होता. सगळ्यांत वर नाव मोठीचं. तिचं बक्षीस, पाठ टेकायची गादीची खुर्ची, वेष्टनासकट समोर उभं होतं.

गणवेश शिवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात मोठी आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा, शेजारी शेजारी बसून कॉलर शिवत. मालकाने नुकताच बापाकडून कारभार घेतला होता. "माणसाला उमेद पाहिजे," असं तो उठता-बसता म्हणे. पोरगा मनाचा वाईट नव्हता, पण उमेदीला जोड म्हणून त्याने एक नियमही काढला होता. सलग तीन आठवडे जी तळाला राहील तिने मशीन सोडायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शिवलेल्या मालाचे लोंबते दोरे कापायचे, निम्म्या पगारावर.

धाकटी आज तिसऱ्यांदा तळाला होती.

मोठीला धड आनंदही होईना. वर्षभर तिचा उजवा हात थरथरत होता. घरी पेला धरतानासुद्धा तो लपवावा लागे. म्हणून आकडा पाहून ती सुखावली होती, हातात अजून जीव आहे म्हणायचा. पण धाकटी? ती तर कधीकाळी सगळ्यांच्या पुढे असायची.

"हे बघा, याला म्हणतात काम." मालकाने मोठीच्या गठ्ठ्यातली कॉलर तिच्याच हातात दिली.

मोठीने सवयीने टोकावरून अंगठा फिरवला आणि तो अडला. दोरा सुटू नये म्हणून शेवटचा टाका दोनदा मागे घेतलेला होता. ही खोड एकट्या धाकटीची. एकदा पुरतो गं, दोनदा घेतला की टोक जाड होतं, असं मोठी तिला वीस वर्षं बजावत आली होती. तिने दुसरी कॉलर पाहिली, तिसरी पाहिली. मोठी तळाला जाऊ नये म्हणून धाकटी गुपचूप आपल्या कॉलरी तिच्या टोपलीत टाकत होती, आणि टाकता टाकता वेडीचा अंदाजच चुकून मोठी थेट वर आणि ती स्वतः तळाला गेली होती.

"ताई, बसा ना खुर्चीवर," धाकटी घाईघाईने म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "बाकीचं घरी बोलू."

बसली असती तर निभावलं असतं. खोटं कशाला सांगायचं, मोठीला ती खुर्ची हवीही होती. कंबर पार गेली होती तिची.

"ही शिवण माझी नाही," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त माल हिचा आहे. तिन्ही आठवडे तळाला ही नाही, मी होते. माझा हात चालत नाही आता, मालक."

मालकाने फळ्याकडे पाहिलं. "काकू, मग नियमाचं... म्हणजे मी तो तुमच्यासाठी नव्हता केला."

"केला तो सगळ्यांसमोर केलात. आता माझ्यासाठी मोडलात तर उद्या तुमचं ऐकेल कोण?"

तिने आपली मशीन पुसली, काम संपल्यावर ठेवतात तशी सुईखाली चिंधी ठेवली, खुर्ची धाकटीकडे सरकवली आणि कात्री घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. धाकटी मात्र आपल्या जुन्याच बाकावर बसून शिवू लागली. खुर्ची दोन मशिनींच्या मध्ये तशीच राहिली.

तासाभराने पहिला गठ्ठा कोपऱ्यात आला. मोठीने एक कॉलर उचलून टोक चाचपलं. टाका दोनदा मागे घेतलेला होता. तिने लोंबणारा दोरा कापला आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच, काही न बोलता, कॉलर बाजूला ठेवली.