माझ्या पोटातल्या दोन रेघा

मी एक जुने वाडगे आहे. होंडुरासच्या आमच्या किनाऱ्यावर मोठ्या कवठासारखी टणक फळे येणारे एक झाड असते. तसल्याच एका फळाचा मी अर्धा भाग. सेकुंदिनो आजोबांनी ते फळ करवतीने मधोमध कापले, गर खरवडला आणि मला उन्हात वाळवले. मित्रांनो, एकाचे दोन सारखे भाग केले तरच त्यांतल्या एकाला अर्धा म्हणतात. हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

बारा वर्षे मी आजोबांच्या होडीतले पाणी उपसले. ते कौतुकाने मला आपला तिसरा हात म्हणत.

मग एका नोव्हेंबरात आजोबा, त्यांचा मुलगा तिबुर्सियो आणि नऊ वर्षांची नात क्रिसांता कासावा नावाच्या कंदाच्या भाकऱ्या घेऊन बेटाकडे निघाले. वाटेत उत्तरेचा वारा सुटला, इंजिन बंद पडले आणि किनारा दिसेनासा झाला. पिण्याच्या पाण्याचा एकच डबा होता. रोज तिघांत मिळून एक वाडगे पाणी प्यायचे ठरले.

मी तीन बोटे खोल. आजोबांनी आत आडवी बोटे धरून गळाच्या टोकाने एकेका बोटाच्या अंतरावर दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "हे तीन भाग. खाली लिहायचं तीन, तो छेद. वर एक, तो अंश, तुझा वाटा. एक छेद तीन. धाकट्यानं आधी प्यायचं, म्हाताऱ्यानं शेवटी."

क्रिसांता वरच्या रेघेपर्यंत पिई, तिचा मामा तिबुर्सियो खालच्या रेघेपर्यंत. तळाचे आजोबांना.

"आजोबा, तुमचं पाणी एवढंसंच दिसतंय."

"मग बोट लावून मोज की! शाळेत काय माशा मारतेस?"

तिने मोजले. प्रत्येक भाग बरोबर एक बोट भरला. तिची समजूत पटली. तिबुर्सियोने मात्र समुद्राकडे तोंड फिरवले.

मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. मी वर रुंद आणि खाली निमुळते. रेघा सारख्या अंतरावर होत्या, पाणी सारखे नव्हते.

सातव्या दिवशी सकाळी आजोबा उठले नाहीत. त्यांना समुद्रातच सोडावे लागले.

"मामा, आता छेद दोन झाला का?" क्रिसांताने विचारले. नवव्या दिवशी कोळंबी पकडणाऱ्या एका बोटीने दोघांना उचलून घेतले.

पुढच्या वर्षी शाळेत लेओकादियाबाईंनी फळ्यावर गोल काढून त्याचे तीन वेडेवाकडे तुकडे केले. "यातला एक म्हणजे एक छेद तीन नव्हे. भाग सारखे हवेत."

"आमच्या वाडग्यात सारखे आहेत," क्रिसांता म्हणाली. "आजोबांनी बोटं धरून मोजलेत." दुसऱ्या दिवशी ती मला मोठ्या ऐटीत घेऊन गेली.

बाईंनी मला काठोकाठ भरले आणि कॉफीच्या छोट्या कपाने माप घेतले. वरचा भाग साडेतीन कप. मधला अडीच. तळाचा एक.

बाईंनी फळ्यावर लिहिले, एक छेद सात. मग त्यांचे लक्ष क्रिसांताच्या चेहऱ्याकडे गेले आणि त्यांनी ते हातानेच पुसून टाकले.

घरी मामा ओसरीवर जाळे विणत होता. तिने मला त्याच्यासमोर ठेवले.

"मामा, आजोबांना सातातला एकच भाग मिळत होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

जाळ्याची गाठ त्याच्या हातात तशीच राहिली. "तहान लागली होती गं," तो म्हणाला.

आजोबांना तर पहिल्याच दिवसापासून माहीत होते. बारा वर्षे ज्यांनी मला घेऊन पाणी उपसले, त्यांना माझ्या तळात किती मावते हे कळत नसेल?

आता मी खिळ्याला टांगलेले आहे. माझ्यातून कोणी पीत नाही. मित्रांनो, वाटे कराल तेव्हा नुसत्या रेघा मोजू नका, पाणी मोजा. आणि कुणाचा वाटा लहान दिसला, तर तुम्हाला कितीही तहान लागलेली असो, तोंड फिरवू नका.