पूनमचा कूलर आणि बबनरावांचा पेचकस

मी एक जुना कूलर आहे. थांबा, लगेच पाणी कुठे ओतायचं ते शोधू नका! मित्रांनो, संगणकाच्या पोटात प्रोसेसर नावाची एक छोटी चिप असते. ती कामाला लागली की तव्यासारखी तापते. तिच्या डोक्यावर बसून तिला गार ठेवणं हे माझं काम. तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि एक मोठा पंखा, एवढाच माझा संसार. इमानदारीत इतकी वर्षं फिरतो आहे, पण पहिल्या आठवड्यात माझ्यावर जेवढा संशय घेतला गेला तेवढा चोरावरसुद्धा कुणी घेत नसेल. त्याचा राग मला अजून येतो.

कारखान्यातून निघालो तो रहाटणीला रिझवानभाईंच्या दुकानातल्या फळीवर येऊन बसलो. येईल ते गिऱ्हाईक माझं खोकं उलटंपालटं करायचं आणि विचारायचं, "ओरिजिनल आहे ना?" आता मी काय तोंड उघडून सांगणार होतो?

एके दिवशी पुनावळ्याहून पूनम आली. ती गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम मिळवू पाहत होती. नमुना दोनदा पाठवला आणि दोनदा परत आला. दुसऱ्या वेळी तर काम देणाऱ्या लोकांनी लिहिलं होतं, "तुमच्या मागे गिरणी चालू आहे का?" ती गिरणी म्हणजे तिच्या संगणकातला जुना, बोटभर पात्यांचा पंखा. तिसरा आणि शेवटचा नमुना शनिवारपर्यंत द्यायचा होता. तो परत आला की काम गेलं.

पण पोरगी हुशार हो! संगणकाचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, आतून टेपने मोजून आली होती. रिझवानभाईंनी आधी रंगीत दिव्यांचा एक कूलर दाखवला. ती म्हणाली, "मला लग्नाची वरात नाही काढायची, भाऊ. आवाज सांगा." मग पाण्याच्या नळ्यांचा एक निघाला. त्याचा पंप बारीक गुणगुणत होता. मग माझा नंबर लागला. रिझवानभाई म्हणाले, "छोटा पंखा जिवाच्या आकांताने पळतो, म्हणून ओरडतो. याची पाती मोठी, हा सावकाश फिरला तरी भागतं. बघा, तुमच्या कॅबिनेटमध्येही बसतोय." पूनमने दुकानातला छताचा पंखा बंद करायला लावला, कान माझ्याजवळ आणला आणि डोळे मिटले. मला पसंत करताना डोळे मिटणारं पहिलं माणूस ते!

घरी पोचलो आणि माझे दिवस फिरले. पूनमचे सासरे बबनराव चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे ठोकून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तीस वर्षं फिटर होते. मशिनला पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग जातंय ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती. सगळी शिफ्ट त्यांच्या कानावर चालायची म्हणे. जुन्या पंख्याबद्दल पूनम तक्रार करायची तेव्हा ते म्हणायचे, "कुठाय आवाज? उगा निमित्तं काढती." ती दार लावून वाचायची, तर यांना वाटायचं, सूनबाई आत हळू आवाजात आपल्याबद्दलच बोलते. आणि ती "मामा, चहा झाला" म्हणायची, तेव्हा हे ओ द्यायचे नाहीत. तिला वाटायचं, माझं काम यांच्या डोळ्यांत सलतंय. घर कसलं, संशयाचं कोठारच होतं ते!

मी बसलो त्याच दिवशी बबनराव पेचकस घेऊन आले. कॅबिनेट उघडायला लावलं. टोक माझ्या अंगावर, मूठ कानाला.

"बंद हाय ह्यो," ते म्हणाले.

"अहो मामा, फिरतोय की, बघा ना!"

"नुसता दिसायला फिरतोय. दम न्हाई त्यात. मशिन काम करतंय आन् आवाज न्हाई, आसं मी तीस वर्सांत पाह्यलं न्हाई. डुप्लिकेट माल गळ्यात मारला त्या दुकानदारानं. उद्या संगणक जळंल. चल, परत करू."

पूनमने समजावून पाहिलं, पण कानाचा विषय निघाला की बबनराव कुणाचं ऐकत नसत. शनिवारी सकाळी मला उतरवलं, दाखवायला म्हणून जुना पंखाही पिशवीत टाकला आणि दोघं रहाटणीला आली. दुकानाच्या पायरीवरूनच बबनरावांनी तोंड सोडलं, "रिझवानशेट, म्हाताऱ्याला गंडवतो व्हय?" चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शरमेनं पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर फुकटचं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं झालं!

रिझवानभाई चिडले नाहीत. त्यांनी मला वीज जोडली, बबनरावांचाच पेचकस घेऊन मूठ आपल्या कानाला लावली आणि मान हलवली. "काका, बारीक घुमतोय. ऐका." बबनरावांनी ऐकलं. "न्हाई."

मग रिझवानभाईंनी पिशवीतला जुना पंखा जोडला. त्याने असा काही गळा काढला की एका गिऱ्हाइकाने कानात बोटं घातली. "आता याला लावा, काका."

बबनरावांनी पेचकस टेकवला. डावा कान लावला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

"ह्यो बी बंदच हाय," ते म्हणाले.

पंखा तर खडखडतच होता. बबनरावांनी एकेकाचं तोंड पाहिलं आणि कानात बोटं घातलेल्या त्या माणसावर त्यांची नजर थांबली. त्यांच्या हातातला पेचकस हळूहळू खाली आला. "माल चांगला हाय, शेट," ते पुटपुटले. "माझा पेचकस खराब झाला." पूनमने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "मामा, मी इतके दिवस चहाला हाक मारत होते. तुम्ही रागावलाय असं वाटायचं मला." "मला वाटायचं, तू हाकच मारत न्हाईस," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. तीस वर्षं त्या प्रेस मशिनांनी त्यांचे कान खाल्ले होते आणि कान गेल्याचंच त्यांना ऐकू आलं नव्हतं.

त्याच दुपारी पूनमने मला पुन्हा बसवलं आणि नमुना वाचून पाठवला. मागे गिरणी नव्हती. काम मिळालं.

मित्रांनो, आमच्या पात्यांवरची धूळ महिन्याला ब्रशने झाडा, एवढं तर मी मागणारच. पण घरातलं कुणी ओ देत नसेल तर आधी मनात गाठ बांधू नका. उठा, समोर जा, पुन्हा हाक मारा. आणि कानठळ्या बसवणाऱ्या कामावर कुणी जात असेल, तर त्याचे कान वेळेत तपासून घ्या.

पुढे बबनरावांच्या कानाला यंत्र लागलं. ते लावून ते प्रथमच पूनमच्या खोलीत आले, दारातच थबकले आणि माझ्याकडे वळून कपाळाला आठ्या घातल्या. "सूनबाई, ह्यो तुझा कूलर लई घुमतोय गं!"

माझी आजवर पुष्कळ तारीफ झाली आहे. पण त्या एका तक्रारीइतकं सुख मला कशानेच दिलं नाही.