कडीबाहेरचा मुडदा

मुडद्याची पुन्हा फजिती झाली.

"आम्ही आतून कडी लावतो आणि झोपतो," दादा फासे खुळखुळवत म्हणाला. "मुडद्याला कडी काढता येत नाही. तूच लिहिलंयस."

त्याची बहीण दात-ओठ खात आपलेच कागद चाळू लागली. टेबलावर खेळायच्या खेळांचे नियम लिहिणं हे तिचं काम. या खेळात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते बोलून सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासे ठरवणार. त्याच्या नियमांच्या पुस्तकातलं उठून चालणाऱ्या मुडद्यांचं प्रकरण तिच्या गळ्यात पडलं होतं. संपादकांनी सकाळीच बजावलं होतं, मुडद्यांची भीती वाटत नसेल तर उद्या प्रकरण गाळू. इतके महिने डोकं फोडून शेवटी गाळू!

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? मुडद्यांना विषारी श्वास दिला, तर दादाने नाकाला फडकं बांधलं. मुडद्याला जो जमिनीत पुरेल त्याचं तो ऐकतो असा नियम केला, तर पठ्ठ्याने दिसेल तो मुडदा पुरून स्वतःची फौजच उभी केली. वहिनी हसून हसून बेजार. नियमात फट दिसली की याला सख्खी बहीणही दिसत नसे.

पण पुढच्या डावात त्याचा फासा फसला. वहिनीचं पात्र घरात पोचलं, दादाचं उंबऱ्याबाहेरच मेलं.

"मेलो. चला, मी सुटलो," म्हणत त्याने मोबाईल काढला.

तिचं टाळकंच सटकलं. "सुटलास कसला? ऊठ! आता तूच मुडदा. चालव तुझा तू!"

असा नियम कुठेच नव्हता. दादा मात्र सरसावून बसला.

"मी दार तोडत नाही," तो वहिनीला म्हणाला. "बाहेरून हाक मारतो. अगं, मी आलोय. दमलोय फार. कडी काढ."

रोज कामावरून आल्यावरचाच आवाज. वहिनीचं हसू मावळलं.

"अहो, असं नका ना बोलू."

"काढ ना कडी."

वहिनीने फासे उचलले आणि न टाकताच खाली ठेवले. "ठाऊक आहे मला, हे आता तुम्ही नाही," ती म्हणाली. "तरी काढते."

कोणी हसलं नाही. नणंदेने आपण लिहिलेली सगळी पानं बाजूला सारली. हवी होती ती भीती समोर बसली होती, आणि आता तिलाच ती बघवेना.

दादाने मुडद्याची सोंगटी उचलली, पण दारातून आत सरकवली नाही.

"ए," तो हळूच म्हणाला, "हिला वाचवायला एखादी फट असेल ना गं नियमात?"