दीसाच्या घळीत नेलेली घडीची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझ्या निळ्या कापडाचा रंग उडाला आहे, एक पाय किंचित वाकला आहे. पण मित्रांनो, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. मला राग आला होता, तो का, ते ऐका.

सौदी अरेबियातल्या यान्बूच्या बाजारात श्यामलाबाईंनी मला पसंत केलं आणि दुकानदाराशी अरबीत घासाघीस करून घरी आणलं. त्यांचे यजमान दीनानाथ तिथल्या रिफायनरीत नोकरीला. दर शुक्रवारी आम्ही समुद्रावर जात असू. निमिष आणि शिवांगी ही त्यांची मुलं माझ्या सावलीत वाळूचे किल्ले करत. पुढे मुलं मोठी झाली, बाईंचे गुडघे दुखू लागले आणि माझी रवानगी गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे झाली.

यंदा हिवाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी दीसाची घळ पाहायचं ठरवलं. दोन्हीकडे उंच लाल कडे, मधे खजुराची झाडं आणि झुळझुळ पाणी. जेवणाच्या टेबलावर बेत आखला जात होता. सकाळी किती वाजता निघायचं, कुठवर चालायचं, फोटो कुठे काढायचे.

"आई, यू विल गेट टायर्ड," निमिष म्हणाला. "तू हॉटेलवरच थांब."

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय तो," दीनानाथ म्हणाले.

थालीपिठं मात्र बाईंनीच करून द्यायची होती! मी गॅलरीत संतापाने नुसती धुमसत होते. जिच्या पायांची एवढी काळजी, तिला तोंडाने एक शब्द विचारायला कुणाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घळीत जीप नेणाऱ्या माणसाचा नंबर मिळवला आणि आपल्या बाजारी अरबीत त्याला विचारलं, गाडी पाण्यापर्यंत जाते का? तो म्हणाला, पाण्यातूनच जाते, बसायला काहीतरी आणा. फोन ठेवून त्या सरळ गॅलरीत आल्या आणि मला बाहेर ओढलं.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "जीप ठरवलीय मी. मी पाण्यापाशी बसणार, तुम्ही हवं तेवढं चाला. आणि थालीपिठं सगळ्यांनी मिळून थापायची."

शिवांगी ओशाळली. "सॉरी आई. आम्ही तुला विचारलंच नाही."

"नाही विचारलंत," बाई म्हणाल्या. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

घळीत त्यांनी मला उथळ पाण्यात मांडलं आणि पाय गार पाण्यात सोडले. वर कड्यांवर ऊन चढत होतं. थोड्या वेळाने दीनानाथ चालणं अर्धवट सोडून परत आले आणि शेजारच्या दगडावर बसले.

"इथूनच छान दिसतंय," ते म्हणाले.

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या, आणि डबा उघडला.

मित्रांनो, सहलीहून आलात की माझ्यासारखीच्या सांध्यांतली वाळू झटका, तेलाचा थेंब सोडा. आणि एक लक्षात ठेवा. खुर्ची घडी करून कोपऱ्यात ठेवता येते. माणसाला तसं ठेवू नका.