दोघी पिवळ्या

आस्मुसने एंटर दाबलं आणि अकरावी ओळ लालभडक झाली.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला. लाल ती लालच. स्वयंपाकघरात मारेन भांडी पुसत होती. तिच्याकडे एकदा बघून त्याने लॅपटॉप हळूच खिडकीकडे वळवला, जसं काही सूर्यप्रकाशात रंग उडणार होता.

"काय झालं रे?" मारेनने विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने काही लपवलं की तिला पाठीनेही कळायचं.

"काही नाही. यादी बघतोय."

यादी म्हणजे केकची यादी. गावातल्या सभागृहाला शंभर वर्षं होत होती आणि रविवारी कॉफीचं मोठं टेबल मांडायचं होतं. सात मऊ केक, सात कडक म्हणजे बिस्किटांसारखे, चौदा घरांतून चौदा. आलेल्या प्रत्येकाने प्रत्येकातलं निदान चिमूटभर तरी खायचंच. सगळं चालतं, पण एकसारखे दोन केक टेबलावर आले की बायका कपातली कॉफी ढवळत खाली बघायला लागतात, आणि मग वर्षभर बोलायला विषय होतो. गेल्या वर्षी रुबार्बच्या आंबट देठांचे तीन आले होते. म्हणून सभागृहाची अध्यक्षीण बोतिल्ला आस्मुसकडे आली. "तू वाचनालयात कॉम्प्युटर शिकलास ना हिवाळ्यात? मग कर काहीतरी."

आस्मुसने केलं. जन्मभर डेअरीत चीज बनवलेला माणूस. एकाच नंबराची दोन चक्रं फळीवर दिसली तर त्याला झोप लागत नसे. त्याने सगळ्यांना घरबसल्या लिहिता येईल अशी तक्त्याची यादी केली. आधी नाव, मग घराचा नंबर, मग केक. आणि केकच्या रकान्याला एक सूत्र लावलं. ते सूत्र पहिल्या ओळीपासून मोजत खाली येई, आणि हाच केक वर आधी कुणी लिहिला असेल तर ती ओळ लाल करी. आधी लिहिणारा सुटला, मागून येणारा सापडला. आस्मुसला हे फार न्यायाचं वाटलं होतं. आठ दिवस तो भेटेल त्याला सूत्र समजावत होता. "त्यात डॉलरची खूण घालावी लागते," असं तो सांगायचा, आणि बोतिल्ला म्हणाली होती, "डॉलर कशाला? क्रोन घाल की आपले."

आता अकरावी ओळ लाल होती. तिथे लिहिलं होतं, मारेन लावेसन, एकतीस नंबर, काळ्या पावाचा केक. ही ओळ त्याने बायकोच्या सांगण्यावरून आत्ताच भरली होती.

चौथ्या ओळीत तोच केक पांढराशुभ्र बसला होता. नाव केस्टिन. घर नंबर सहा.

"आस्मुस," मारेन मागे येऊन उभी होती. फडकं तिच्या हातात होतं. "मी लाल का?"

केस्टिन ही मारेनची सख्खी बहीण. अकरा वर्षांपूर्वी दोघींची आई गेली. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला दोघींनी एकमेकींना न विचारता आईचाच काळ्या पावाचा केक करून नेला. शिळ्या काळ्या पावाचा चुरा, हेझलनट, वर सायीचा डोंगर. तो केक आईसारखा कुणाला जमत नाही असं सगळा गाव म्हणायचा. दोन्ही थाळे टेबलाच्या दोन टोकांना ठेवले गेले आणि लोक खाली बघून कॉफी ढवळू लागले. 'तिला कळायला नको होतं का?' असं एक म्हणाली. दुसरीही नेमकं तेच म्हणाली. तेवढ्यावरून बोलणं बंद झालं, आणि आजतागायत बंदच होतं. केस्टिन सभागृहात यायची थांबली. मारेन तोच केक दरवर्षी नेत राहिली. पण सभागृहाची सरळ वाट सहा नंबरच्या दारावरून जाते म्हणून केकचा डबा सायकलला बांधून बांधावरच्या वाटेने जाऊ लागली. ती वाट लांबची, आणि वारा असा की दोनदा साय उडून तिच्या कोटावर आली होती.

"तिने आधी लिहिलं, म्हणून," आस्मुस म्हणाला. "सूत्र वरून मोजत येतं ना."

"अकरा वर्षं हिने तोंड दाखवलं नाही, आणि नक्कल मी?"

"नक्कल असं नाही कुणी म्हणत."

"लाल म्हणजे काय मग? शाबासकी?"

तिने फडकं खुर्चीवर टाकलं, पुन्हा उचललं, त्याची नीट घडी घातली. रागावली होती हे खरं. पण ती तिथून हलत नव्हती, आणि तिची नजर लाल ओळीवर नव्हती, चौथ्या ओळीवर होती. बहिणीचं नाव ती लहान मुलांसारखं ओठ हलवत वाचत होती.

तेवढ्यात बोतिल्लाचा फोन आला. तिचा आवाज फोनशिवायही ऐकू येण्यासारखा.

"आस्मुस, मी बघितलं बरं का. मला उद्या यादी छापून दारावर लावायचीय. दोघींपैकी एकीला सांग बदलायला."

"कुणाला?"

"ते तू ठरव. यंत्र तुझं, बायको तुझी, मेव्हणी तुझी. मी नाही मध्ये पडत, मला म्हातारपण सुखात काढायचंय."

फोन ठेवून आस्मुसने वळून बघितलं. मारेन बाहेर बागेत गेली होती आणि ज्या वाफ्यात गवताची एक काडी नव्हती तिथे गवत उपटत होती.

त्याच्या मनात आलं, बायकोला वाचवणं काही अवघड नाही. यादी वेगळ्या क्रमाने लावायची, बस. त्याने नावांच्या क्रमाने लावली. केस्टिन आधी, मारेन नंतर, मारेन लाल. घरनंबराच्या क्रमाने लावली. सहा आधी, एकतीस नंतर, मारेन लाल. तो स्वतःशीच चरफडला. मग त्याने क्रम उलटा केला, आणि केस्टिन लाल झाली, मारेन पांढरी.

हेच तर हवं होतं. तो खुर्चीत मागे टेकला आणि बघत राहिला, पण त्याला बरं वाटेना. यादी सगळा गाव उघडून बघतो. अकरा वर्षांनी बाई आपलं नाव लिहिते आणि तिला लाल रंग मिळतो, तर ती पुढची अकरा वर्षं कशाला येईल? त्याने घाईघाईने यादी पूर्वीसारखी केली.

हे करताना त्याचं बोट चौथ्या ओळीच्या चौकोनावर पडलं आणि बाजूला एक पट्टी उघडली. चौकोनात कुणी केव्हा काय लिहिलं, काय पुसलं, याची ती नोंद होती. वाचनालयातल्या बाईंनी ती दाखवली होती, पण तिचा उपयोग त्याला कधी कळला नव्हता.

सोमवारी सकाळी नऊला केस्टिनने लिहिलं होतं, काळ्या पावाचा केक. मग पुसलं. सव्वानऊला लिहिलं, सफरचंदाचा केक. तेही पुसलं. पुन्हा काळ्या पावाचा. पुन्हा पुसलं. साडेदहापर्यंत हेच चाललं होतं. शेवटी काळ्या पावाचा केक लिहून तिने तो ठेवला होता. सफरचंदाचा केक यादीत कुणाचाच नव्हता. तो लिहिला असता तर कुणी काही विचारलंही नसतं. आणि मारेन दरवर्षी काय नेते हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं.

आस्मुसने चष्मा काढून पुसला. त्याला आपल्या सूत्राचा पहिल्यांदाच राग आला. आधी कोण आणि नंतर कोण, हे मोजायला सूत्राला सांगितलं होतं कुणी? त्यानेच.

तो सूत्र उघडून बसला. रकान्याचं शेवटचं टोक त्याने मोकळं सोडलं होतं, म्हणून मोजणी प्रत्येक ओळीशी येऊन थांबायची. त्याने ते टोकही डॉलरच्या खुणेने शेवटच्या ओळीशी बांधून टाकलं. आता कुठल्याही ओळीवरून विचारा, सूत्र वरपासून खालपर्यंत अख्खा रकाना मोजणार होतं. मग त्याने लाल रंगही काढला आणि पिवळा निवडला, लोण्यासारखा.

चौथी ओळ पिवळी झाली. अकरावीही पिवळी झाली.

"मारेन! जरा ये इकडे."

ती हात मातीचे घेऊन दारातच उभी राहिली. आस्मुसने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. त्या पट्टीबद्दल तो काही बोलला नाही. ती दुसऱ्याच्या घरातली गोष्ट होती.

"हिलाही रंग आला?" मारेनने विचारलं.

"दोघींना. आता ते वर कोण, खाली कोण बघत नाही. सारखं दिसलं की दोन्हीकडे रंग देतं."

"आणि बदलायचं कुणी?"

"ते नाही सांगत ते."

मारेन दोन पावलं आत आली. मग म्हणाली, "आईचा केक आहे तो," आणि हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. तिने मोरीत हात धुतले, एप्रन काढला, आरशात न बघताच केस सारखे केले.

"लोणी संपलंय," असं म्हणून ती बाहेर पडली.

लोणी संपलं नव्हतं. ओट्यावर दोन वड्या होत्या आणि आस्मुसला त्या बसल्या जागेवरून दिसत होत्या.

तासभर गेला. त्याने कॉफी केली, ती गार झाली. बोतिल्लाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत तो पुन्हा यादीसमोर बसला, तेवढ्यात पडद्यावर काहीतरी हललं. चौथ्या ओळीत दुसऱ्याच कुणाची तरी खूण लुकलुकत होती. केस्टिन लिहीत होती.

नावाच्या चौकोनात, केस्टिनच्या पुढे, एकेक अक्षर उमटत गेलं. आणि मारेन.

मग अकराव्या ओळीतलं सगळं पुसलं गेलं. त्याच क्षणी चौथ्या ओळीतला पिवळा रंग आपोआप मावळला. आस्मुसने कशालाही हात लावला नव्हता. त्याने उठून खिडकीतून वाकून बघितलं. रस्त्याच्या त्या टोकाला, सहा नंबरच्या कुंपणाला मारेनची हिरवी सायकल टेकवलेली होती. म्हातारा एकटाच मोठ्याने हसला. डोळेही भरून आले, ते त्याने बाहीने पुसले.

परत येऊन बघतो तर अकराव्या ओळीत नवं नाव आलेलं. आस्मुस.

"अरे बापरे!" तो यंत्राला म्हणाला. चौदाचे तेरा झाले होते, हे त्याच्या आधी त्या दोघींच्या लक्षात आलं होतं.

केकच्या चौकोनात अक्षरं आली, आल्याची बिस्किटं. ओळ पिवळी झाली. ती बिस्किटं बोतिल्लाच्या नावावर होती. पुसलं गेलं. व्हॅनिलाची बिस्किटं. पुन्हा पिवळी. पुसलं. वेलदोड्याची. पिवळी. आता त्या मुद्दामच करत होत्या. साठी उलटलेल्या दोन बायका एका पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसल्यात आणि पोट धरून हसताहेत, हे त्याला इथून ऐकू आल्यासारखं वाटलं. पिवळी, पांढरी, पिवळी. शेवटी खूण जरा थांबली. मग सावकाश लिहिलं गेलं, चीजची कडक बिस्किटं.

ओळ पांढरी राहिली. असलं काही गावात आजवर कुणी केलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. "आस्मुस, तू बेक करणार?" बोतिल्ला ओरडली. "देवा! मी जाड अक्षरात छापते."

रविवारी आस्मुसने बिस्किटांचा डबा सायकलला बांधला. दोन घाणे करपले होते, तिसरा जमला होता, आणि सकाळपासून तो डब्याचं झाकण उघडून चार वेळा वास घेऊन आला होता. मारेन रिकाम्या हाताने निघाली. तिचा केक सहा नंबरात होता. आदल्या दिवशी दोघींनी तो तिथेच केला होता, आणि पाव किती बारीक चुरायचा यावरून भांडणही झालं होतं. ते तिने आस्मुसला घरी येऊन सविस्तर, फार आनंदाने सांगितलं होतं.

फाटकाबाहेर पडताच आस्मुसने सवयीने सायकल बांधाकडे वळवली.

"कुठे चाललास?" मारेनने मागून विचारलं. ती सरळ रस्त्याला लागलीही होती.

"बांधावरून नाही जायचं?"

"कशाला?" ती पायडल मारत म्हणाली. "लांब पडतं."