कॉफी गार होतेय

"गार आहे," गेरेऑन म्हणाला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा त्यानं पालथा हात निळ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता. "शाब्बास, फोल्कमार. सकाळपासून चालू केली नाहीस ना?"

"तू येणार म्हटल्यावर माझी काय बिशाद!" फोल्कमार म्हणाला. गाडी त्याची. पाठ कामातून गेली म्हणून विकायला काढली होती.

इंजिन आधीच तापवून ठेवलं की दुखणी झाकली जातात. म्हणून गाडी गार हवी, आणि पहिल्यांदा चालू करताना कुणी तोंड उघडायचं नाही. हा माझ्या नवऱ्याचा, गेरेऑनचा नियम. जर्मनीतल्या आयफेलच्या या डोंगरात घरटी एक तरी वेडा असतो, ज्याला सुट्टीच्या दिवशी रेसच्या ट्रॅकवर जीव उधळायचा असतो. ते सगळे वेडे जुनी गाडी घेण्याआधी गेरेऑनला घेऊन जातात. रंग, टायर, ब्रेक काय, कुणीही बघेल. पण इंजिन ऐकावं ते यानंच.

ऐकावं म्हणे. दीड वर्ष झालं, मी स्वयंपाकघरातून हाका मारून घसा कोरडा करते आणि हा वर्तमानपत्र वाचत बसतो. मागून आलेला हॉर्न कळत नाही, म्हणून गाडी आता मी चालवते. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी कानाचं यंत्र लिहून दिलं. ते कपाटात पडलंय. "कानात प्लास्टिक घालून इंजिन ऐकू? मग इंजिनाचं नाही, प्लास्टिकचंच ऐकू येईल," म्हणाला. हट्टी मेला. मीही गप्प बसले. लोक ओठ हलवून, समोर उभे राहून बोलतात, त्याचं निभतं. निभेल तितकं निभू दे, म्हटलं.

आजचं गिऱ्हाईक मारायके. आमच्या गावात टपाल वाटते. लहानपणी बापाबरोबर ट्रॅकच्या कुंपणाला नाक लावून उभी असायची. बाप गेला, आता हिनं घर घ्यायचं लांबवून सगळी पुंजी या गाडीवर लावायचं ठरवलं होतं. येताना वाटेत गेरेऑननं तिला नेहमीचं सांगून ठेवलं, "मी 'कॉफी गार होतेय' म्हटलं की काही विचारायचं नाही. आभार मानायचे आणि निघायचं." आमच्याकडे तोंडावर कुणी कुणाच्या गाडीला नावं ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीत तोच माणूस रांगेत पुढं उभा असतो.

"चालव," गेरेऑन म्हणाला, आणि मान तिरकी करून डोळे मिटले. फोल्कमारनं किल्ली फिरवली.

खडखडखड! पत्र्याच्या डब्यात कुणी चमचे हलवावेत तसा आवाज. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे मलाही कळलं. आवाज क्षणभरच टिकला. मग इंजिन गुळगुळीत चालायला लागलं. गेरेऑननं आपला लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानामागच्या हाडाला लावली, बराच वेळ ऐकलं आणि सरळ उभा राहिला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "घड्याळासारखं."

फोल्कमारचा चेहरा उतरला होता, तो तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी असती तर बरं झालं असतं, मी तिथंच त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्या नजरेत दया होती.

मारायके उघड्या बॉनेटखाली इंजिनावर वाकलेली होती. तशीच, खाली बघत म्हणाली, "काका, तो सुरुवातीचा आवाज कसला होता?"

"हो हो, नवीनच आहेत," गेरेऑन हसून म्हणाला. "टायरला काही बघायला नको."

मारायकेचे कान लाल झाले. तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि मला कळलं की ही पोरगी आता ही गाडी घेणार. त्याला लाज वाटू नये म्हणून घेणार. देवा, असलं चांगलं वागणं कुणी शिकवलं हिला!

मी गेरेऑनच्या समोर जाऊन उभी राहिले. दुसरीकडे तोंड करून बोलता आलं असतं. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला पाठीमागून मारायचं?

"चला," मी म्हणाले. "कॉफी गार होतेय."

हे वाक्य त्याला ओठांवरून वाचायचीसुद्धा गरज नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, विझवायला विसरलेल्या दिव्यासारखं. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसला, फोल्कमारशी हात मिळवला आणि आमच्या गाडीकडे चालू लागला.

मारायकेला तिच्या घरी सोडलं. उतरताना तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं मान वळवली नाही.

घाट चढल्यावर मी बीच नावाच्या उंच झाडांपाशी गाडी थांबवली, थर्मासातली कॉफी त्याच्या कपात ओतली. त्यानं ती तशीच धरून ठेवली.

"आवाज होता?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मोठा?"

मी पुन्हा मान हलवली.

"उद्या बेकरीत सगळ्या गावाला कळेल." मग कपाकडे बघत म्हणाला, "आता माझं काय काम उरलं गं?"

मला रडू आलं. काय सांगू? आणि सांगायचं तर ओरडून सांगायला हवं होतं. असलं काही ओरडून सांगतात का?

"कसा होता?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. त्याचा तळवा माझ्या मांडीवर उलगडला आणि नखांनी त्यावर वाजवलं. भरभर, अडखळत, मग एकदम बंद.

त्यानं डोळे मिटले. मान तिरकी केली, अगदी तशीच.

"चेन," तो म्हणाला. "आतली चेन ढिली झालीय. तेल वर चढलं की गप्प बसते."

मी हात मागे घेतला. त्यानं तळवा तसाच उघडा ठेवला होता.

"पुन्हा वाजव," तो म्हणाला.